तालाची मालकी

डोळखांबहून आजोबाच्या डोंगराकडे जावे तो वाटेच्या दोहों बाजूंस ठाकूर, कातकरी, वारली यांचे पाडे विखुरलेले. वारल्यांचा तारपा ज्यांनी पाहिला असेल त्यांस ठाऊक आहे की वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा एवढेच त्या वाद्याचे भांडवल. वादक मध्ये असतो, भोवती स्त्रीपुरुष हात गुंफून फेर धरितात, आणि सूर पालटला की पावले पालटतात. वाद्याने आज्ञा करावी व पायांनी ती पाळावी, ही रीत प्रथम कोणी काढिली, असे तेथे कोणी विचारीत नाही.

हीच रीत निराळ्या वेषात जपानातून आली. १९९८ साली कोनामी कंपनीने ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’ हा व्हिडिओ गेम काढिला: पडद्यावर बाण सरकावे व खेळणाराने तालावर त्या त्या दिशेस पाऊल टाकावे. पुढच्याच वर्षी तिने गिटारीचाही खेळ आणिला. अमेरिकेतील हार्मोनिक्सने २००७ मध्ये ‘रॉक बँड’ काढिला, तेव्हा आपल्या पेटंटांचा भंग झाला म्हणून कोनामीने २००८ साली न्यायालय गाठिले. आणि २०१० मध्ये हार्मोनिक्सनेही कोनामीवर तसाच दावा लाविला! कालचा फिर्यादी आज आरोपी, असा हा मामला.

गिब्सन कंपनीची गोष्ट याहून मौजेची आहे. ही गिटारी बनविणारी जुनी पेढी. खऱ्या वाद्याच्या योगे मैफलीचा आभास निर्माण करण्याच्या युक्तीवर तिने १९९९ मध्ये पेटंट मिळविले होते; ‘गिटार हिरो’ हा खेळ त्याच युक्तीत मोडतो, असे तिने २००८ मध्ये म्हटले. कॅलिफोर्नियातील न्यायालयाने २००९ साली तिच्या विरुद्ध निकाल दिला. खेळातील ती कळांची गिटार म्हणजे वाद्यच नव्हे! आपण वाद्य वाजवीत आहो असे मुलांस वाटावे म्हणून सारा खटाटोप. आणि खेळ सुटला तो हातातली वस्तू वाद्य नाही म्हणून.

शोधकाच्या श्रमांचे मोल आम्ही नाकारीत नाही. पावलाचा भार ओळखणारा पाट ज्याने घडविला, त्याने वीस वर्षे त्याचे फळ खुशाल चाखावे. परंतु सुरामागून पाऊल पडणे हे त्याने घडविलेले नाही. आमचा १९७० चा पेटंट कायदा, आज आहे त्या रूपात, खेळ खेळण्याची पद्धत शोध मानीत नाही व परंपरागत ज्ञानावरही कोणास पेटंट देत नाही. हे शहाणपणाचे आहे. तथापि येथे न्याय अर्ध्यावरच थांबतो, असे आम्हांस वाटते. उद्या एखाद्या कंपनीने पाड्यावरची चाल कानाने उचलून, शहरातील वादकाकडून वाजवून घेऊन, तारप्याचा फेर पडद्यावर आणिला, तर तिची आज्ञावली चोरणारास कायदा धरील. मूळ वादकास मात्र एक पैही देण्याचे बंधन पेटंटाचा कायदा तिजवर घालीत नाही. जे सर्वांचे ते त्याचेही नव्हे, हा कसला हिशेब?

त्याला पेटंट द्यावे, असेही आम्ही म्हणणार नाही. एका पाड्याने चालीवर हक्क सांगितला तर शेजारच्या पाड्याने पावले कशावर टाकावी? पण घेणाराने निदान दारी येऊन विचारावे, नाव लिहावे, वाटा ठेवावा. पडद्यावरचे बाण ज्याच्या फुंकरीने हलणार, तो अजून या कज्ज्यांत पक्षकारसुद्धा नाही.