बुडालेली जमीन आणि नव्याचे वचन

ख्रिस्ती धर्मशास्त्रात जिला आशा म्हणतात ती, गेलेले जसेच्या तसे परत मिळेल या अपेक्षेहून वेगळी आहे, आणि हा फरक उजनी धरणाच्या काठावर फार उघडपणे दिसतो. माढा तालुक्यात भीमेवर बांधलेले हे धरण 1980 मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या यशवंतसागर जलाशयाखाली करमाळा, माढा, इंदापूर या तालुक्यांतली गावे, मळे, देवळे गेली. पाऊस दगा देतो त्या वर्षी धरण ‘वजा’मध्ये जाते, म्हणजे एरवी तळाशी राखून ठेवायचा मृतसाठाही वापरावा लागतो, आणि तेव्हा जुन्या पळसदेवचे पळसनाथाचे दगडी मंदिर उघडे पडते. जुने गाव परत येते ते असे, सगळ्यांच्या घशाला कोरड पडल्यावर, आणि राहायला मात्र कोणालाच मिळत नाही. पाणी हटलेल्या गाळात पीक घेतात त्याला गाळपेर म्हणतात. तिथे एखादा धरणग्रस्त कधीकाळी स्वतःच्याच असलेल्या रानात कडवळ पेरतो, पाणी चढेपर्यंतच्या बोलीवर.

परत न मिळणाऱ्या गावाचा हा प्रश्न बायबललाही ठाऊक आहे. त्यातील यिर्मया या संदेष्ट्याने, म्हणजे देवाचा शब्द लोकांपर्यंत पोचवणाऱ्याने, बाबेलात हद्दपार झालेल्यांना लिहिलेल्या पत्रात लवकर परतण्याची भाषा नाही. घरे बांधा, बागा लावा, त्या परक्या नगराचेही भले चिंता, असेच तो सांगतो आणि सुटकेची मुदत सत्तर वर्षांची देतो. आशेचे म्हणून जे वचन आज भिंतीवरच्या कॅलेंडरांत छापले जाते ते याच पत्रातले आहे, हे सहसा विसरले जाते. पण तोच यिर्मया, इसवी सनापूर्वी 587 च्या सुमारास यरुशलेमला वेढा पडलेला आणि स्वतः पहाऱ्यात असताना, अनाथोथ गावचे चुलतभावाचे शेत सतरा शेकेल रुपे तोलून विकत घेतो, साक्षीदारांसमोर खरेदीखत करतो आणि ते टिकावे म्हणून मातीच्या भांड्यात ठेववतो. त्या शेतात त्याने कधी नांगर घातल्याची नोंद नाही.

बायबलच्या नव्या करारात, गेलेले परत न मागता नव्यावर भरवसा ठेवण्याचा हाच विचार पुनरुत्थानाच्या, म्हणजे येशूच्या मृत्यूनंतरच्या नव्या जीवनाच्या, सिद्धान्तात पुढे जातो. योहानाच्या शुभवर्तमानात उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच आहेत. नवेपण झालेली हानी पुसत नाही, तिच्यासकट उभे राहते. हेच उजनीच्या फुगवट्याच्या वरच्या अंगाला, दौंड तालुक्यातल्या केडगावला दिसते. पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून ज्या मुली तिथे आणल्या, त्या मुलींना त्यांचे गाव परत देण्याचे वचन त्यांनी दिले नाही. विहिरी, शेती, विणकाम आणि छापखाना दिला. त्यांची स्वतःची मुलगी मनोरमा 1921 मध्ये निधन पावली, तरी त्यांनी मराठी बायबलच्या भाषांतराचे काम सोडले नाही आणि 1922 मध्ये स्वतः वारल्या.

अशी आशा गप्प बसवण्यासाठीही वापरता येते, हा आक्षेप खरा आहे, आणि ज्याच्या रानावरून पाणी गेले त्याच्या पुनर्वसनाचे कागद रखडलेले असताना त्याला धीराचा उपदेश करणे हा त्या वचनाचा सरळ गैरवापर आहे. हद्दपारांना धीर देणाऱ्या यिर्मयानेच, मजुरांना मजुरी न देता देवदाराचा वाडा बांधणाऱ्या यहोयाकीम राजाला धारेवर धरले होते.