दुसऱ्याच्या श्रद्धेचे वकीलपत्र

जयपुरात वर्षानुवर्षे राहिलेल्या आम्हा मराठी माणसांना जैन शेजार नवा नाही. ज्यांच्या पेढ्यांवर आमचा व्यवहार चालतो, ज्यांच्या घरची जेवणे सूर्यास्तापूर्वी आटोपतात, त्यांपैकी एखाद्या घरी वृद्ध आजीने संथारा घेतल्याची वार्ता आली की आम्ही आपसूक आवाज खाली आणतो. त्या हलक्या आवाजात आदर किती आणि अस्वस्थता किती, हे आम्ही स्वतःला कधी विचारले नव्हते. तो प्रश्न २०१५ साली येथील न्यायालयाने आमच्यापुढे आणून ठेवला.

हकीकत अशी. मरण समीप आले, देह व्रताचरणास असमर्थ झाला, म्हणजे गुरूच्या अनुज्ञेने अन्नपाण्याचा क्रमाक्रमाने त्याग करून, मरणाची इच्छाही न धरता देह ठेवावयाचा, हे जैनांचे प्राचीन व्रत. श्वेतांबर त्यास संथारा म्हणतात, दिगंबर सल्लेखना. निखिल सोनी नावाच्या वकिलांनी २००६ साली राजस्थान उच्च न्यायालयाच्या जयपूर खंडपीठापुढे अर्ज केला की, हे व्रत नसून आत्महत्या आहे. १० ऑगस्ट २०१५ रोजी खंडपीठाने तो मान्य केला. संथारा घेणारा आत्महत्येच्या प्रयत्नाचा आणि त्यास साहाय्य करणारे चिथावणीचे अपराधी ठरतील, असा त्या निकालाचा अर्थ होता. जैन समाजाने देशभर मूक मोर्चे काढले, आणि ३१ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकालास स्थगिती दिली. स्थगितीने निकाल थांबतो. प्रश्न थांबत नाही.

आम्ही प्रथम आपल्या घरात पाहू. आळंदीच्या समाधीपुढे आम्ही माथा टेकतो. विनोबांनी १९८२ च्या नोव्हेंबरात पवनार येथे अन्न, पाणी व औषध नाकारले. सावरकरांनी १९६६ साली प्रायोपवेशन केले. ज्यांची मते दोन ध्रुवांइतकी दूर, त्या दोघांच्या अंताविषयी आम्ही सारख्याच आदराने बोलतो. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली कुंथलगिरीवर सल्लेखनेने देह ठेवला, तोही महाराष्ट्राच्याच भूमीत. मग थोरांनी केले ते आत्मार्पण आणि गल्लीतील अनाम विधवेने केले तो गुन्हा, हा भेद कोणत्या न्यायाने करावा?

परंतु अर्जदाराची शंका पोकळ होती, असे म्हणणेही अप्रामाणिकपणाचे होईल. विनोबांना कोणी भरीस घातले नव्हते, हे जगाला ठाऊक होते. त्या विधवेविषयी ते कोणास ठाऊक असते? जयपुरापासून फार दूर नसलेल्या देवराळा गावी १९८७ साली अठरा वर्षांची एक विवाहिता पतीच्या चितेवर जळाली, आणि त्या कृत्याच्या गौरवासाठीही धर्मस्वातंत्र्याचेच शब्द वापरले गेले. ते ज्यांनी पाहिले त्यांनी 'स्वेच्छा' हा शब्द ऐकताच सावध व्हावे, हे स्वाभाविक आहे. वृद्ध माणूस घराला भार वाटू लागला असता त्याच्या वैराग्याचे कौतुक करणारे कमी नसतात.

तेव्हा खरा प्रश्न स्वेच्छेचा होता. पण न्यायालयात जो प्रश्न निर्णायक ठरला तो निराळाच: हे व्रत जैन धर्माचे अत्यावश्यक अंग आहे काय? न्यायालयाच्या मते तसे सिद्ध झाले नव्हते. हा प्रश्न कोठून आला, हे पाहण्याजोगे आहे. २ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकर म्हणाले होते की, या देशात धर्म जन्मापासून मरणापर्यंत सारे जीवन व्यापू पाहतो. म्हणून जे स्वरूपतःच धार्मिक आहे तेवढ्यापुरतीच धर्माची व्याख्या मर्यादित करावी. वारसा किंवा कूळवहिवाट यांना धर्माचे कवच मिळू नये, हा त्यांचा हेतू. १९५४ च्या शिरूर मठाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने 'आवश्यक' काय हे त्या धर्माच्याच सिद्धांतांवरून ठरवावे, असे म्हटले. पुढे १९६१ साली अजमेर दर्ग्याच्या खटल्यात न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी अंधश्रद्धेतून उपजलेल्या आगंतुक चालींना हे संरक्षण नाही, असे लिहिले. साताऱ्यात जन्मलेल्या त्या सुधारक न्यायमूर्तींचा हेतू निर्मळच होता. तथापि परिणाम असा झाला की, 'ही बाब धार्मिक आहे काय' या प्रश्नाच्या जागी 'ही बाब धर्माला अपरिहार्य आहे काय' हा प्रश्न आला, आणि न्यायाधीशाला शास्त्र्याच्या आसनावर बसावे लागले.

ते आसन न्यायाधीशाचे नव्हे. वारीवाचून मोक्ष अडतो काय, असे उद्या कोणी विचारले तर वारकऱ्यांचा कोणता वकील 'होय' म्हणेल? अपरिहार्य नसलेल्या गोष्टींतच माणसाची भक्ती पुष्कळदा वसते.

म्हणून आमचे मत असे की, अशा खटल्यात धर्मस्वातंत्र्याची वकिली करणाऱ्याने व्रताची प्राचीनता सिद्ध करीत बसू नये. स्वातंत्र्य व्यक्तीचे आहे. संप्रदायाला ते व्यक्तीद्वारे प्राप्त होते. त्याने म्हणावे, 'या आजीने हे जाणतेपणी ठरविले आहे, आणि हे मोडण्यासही ती प्रत्येक क्षणी मोकळी आहे.' अकराव्या दिवशी तिने पाणी मागितले तर पाणी मिळालेच पाहिजे, आणि त्यापायी तिच्या घराण्याची मान खाली जाता कामा नये. ज्या घरात पाण्याचा तो पेला सहज पुढे येईल तेथे राज्यसंस्थेने उंबरठ्याबाहेर थांबावे. जेथे तो अडविला जाईल तेथे तिने आत शिरलेच पाहिजे. कायदाही हळूहळू या दिशेस आला आहे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने मरणासन्न माणसाच्या उपचार नाकारण्याच्या पूर्वलिखित इच्छेस मान्यता दिली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येचा प्रयत्न हा सरसकट अपराध उरलेला नाही, दुसऱ्यास त्यास प्रवृत्त करणे मात्र अपराधच आहे.

आणखी एक गोष्ट. आमच्या काही जैन स्नेह्यांना अर्जदाराचा संताप आला. आम्हाला तो समजतो, पण मान्य नाही. एखाद्या पूज्य चालीविषयी न्यायालयात प्रश्न विचारण्याची मोकळीक नसती, तर देवराळ्याविषयीही कोणी तोंड उघडले नसते. र. धों. कर्वे यांचे 'समाजस्वास्थ्य' बहुतेकांना किळसवाणे वाटत होते. १९३४ साली त्यांच्यावरील अश्लीलतेच्या खटल्यात बचावास बॅरिस्टर आंबेडकर उभे राहिले, आणि खटला हरले. धर्माची मर्यादा आखावी म्हणणारा आणि नावडत्या लेखणीचे वकीलपत्र घेणारा पुरुष एकच होता, यात आम्हास विसंगती दिसत नाही. दोन्हीकडे त्याने एकट्या माणसाचीच बाजू घेतली.

आम्ही स्वतः संथारा घेऊ असे वाटत नाही. आमच्या आईने घेतला तर आम्ही तिची विनवणी करू, पाण्याचा पेला घेऊन उशाशी बसू. पण तो तिच्या ओठांत बळाने ओतण्याचा अधिकार आम्हास नाही, आणि शिपायास तर नाहीच नाही. आपल्याला पटते त्याचे वकीलपत्र कोणीही घेईल. शेजाऱ्याचे व्रत आणि त्या व्रतावर शेजारच्याच कोणी घेतलेला आक्षेप, या दोहोंचे वकीलपत्र घेता येईल इतके आमचे मन मोठे आहे काय, हे आम्ही प्रत्येकाने आपापल्या घरी बसून तपासावे.