थरांचे पाते: एक वस्तू की अनेक?

थर देऊन केलेल्या चाकूच्या पात्यात निदान दोन जातींचे पोलाद असते. मधला गाभा कर्ब जास्त असलेल्या कडक पोलादाचा असतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना मऊ, चिवट पोलाद जोडलेले असते. धार गाभ्याची. कडक पोलाद धार धरून ठेवते, पण आघाताने तडकते. मऊ पोलाद वाकते, सहसा तुटत नाही, आणि सहाणेवर लवकर झिजत असल्याने धार लावणे सोपे करते. जपानमध्ये तीन थरांच्या या रचनेला सानमाई म्हणतात. नॉर्वेत होल्मेदाल येथे १९३२ पासून चाकू करणारी हेले कंपनी आणि स्वीडनमधील मोरा गावचे कारखाने अशी पाती मोठ्या संख्येने करत आले आहेत. जपानमधील ताकेफू येथे जोडलेल्या पोलादाचे पत्रेच तयार होतात. थर एकावर एक रचून तापवतात, रुळांखाली दाबून एकजीव करतात आणि पुढे त्या पत्र्यातून पाती कापली जातात. तिथल्याच व्हीजी-१० या पोलादात सुमारे १ टक्का कर्ब आणि १५ टक्के क्रोमियम असते. स्वीडनच्या फॉलक्निवेन कंपनीने आपल्या अनेक चाकूंत गाभ्याला हेच पोलाद वापरले आहे.

असे पाते हातात घेतले की ते एक वाटते. कापताना, घासताना, म्यानात सरकवताना कोणी तीन वस्तू हाताळत नाही. तरी त्याच्या अंगावर थरांची सीमारेषा स्पष्ट दिसते. मग ही एक वस्तू मानायची की तीन वस्तूंचा समूह? भारतीय दर्शनांत हा वाद हजार वर्षांहून अधिक काळ चालला आणि तो कधीच नुसत्या वस्तूंपुरता नव्हता. मिलिंद राजाशी बोलताना भिक्षू नागसेनाने रथाचा दाखला दिला तो माणसाविषयी बोलण्यासाठी. चाक, आस, जू यांच्यापलीकडे रथ म्हणून वेगळे काही सापडत नसेल, तर देह, वेदना, संस्कार यांच्यापलीकडे माणूस तरी कुठे सापडावा? बौद्ध आचार्य वसुबंधूने याला नेमकी कसोटी दिली: फोडल्यावर किंवा मनाने भाग वेगळे केल्यावर ज्याची जाणीव उरत नाही, ते केवळ व्यवहारापुरते सत्य.

न्याय-वैशेषिकांनी याच्या उलट बाजू घेतली. अवयवांच्या संयोगातून अवयवी नावाचे नवे द्रव्य उत्पन्न होते आणि ते आपल्या अवयवांत समवायाने, म्हणजे अतूट संबंधाने, राहते, असे त्यांचे म्हणणे. अवयवी नसता तर परमाणूंचा ढीग डोळ्यांना दिसलाच नसता, कारण परमाणू अतींद्रिय आहेत. शिवाय वस्तूचे एक टोक धरून ओढले की सगळी वस्तू येते. न्यायसूत्रांतील या दुसऱ्या युक्तिवादावर भाष्यकार वात्स्यायनाची चर्चा फार मोलाची आहे. गवत, दगड आणि लाकूड लाखेने चिकटवले तर तेही एकत्र ओढता येतात, पण म्हणून तिथे नवे द्रव्य झाले असे कोणी मानत नाही. धरून राहण्याला संग्रह कारण असतो, आणि तो कच्च्या घड्यात पाण्याने येतो, भाजलेल्या घड्यात अग्नीने.

हा भेद पात्याला फार जवळून लागू पडतो. दोन पत्रे डिंकाने चिकटवले तर सीमेवर तिसराच पदार्थ असतो आणि तो विरघळला की पत्रे सुटतात. थरांच्या पात्यात तिसरा पदार्थ लागत नाही. पुरेशा उष्णतेत आणि दाबाखाली स्वच्छ पृष्ठभाग एकमेकांना भिडले की अणू सीमा ओलांडतात. गाभ्यातला कर्ब मऊ थरात शिरू लागतो, आणि हे स्थलांतर आटोक्यात ठेवण्यासाठी कधीकधी मध्ये निकेलचा पातळ पत्रा घालावा लागतो. सीमा डोळ्यांना रेघ वाटली तरी प्रत्यक्षात ती क्रमाने बदलत जाणारी पट्टी असते. लाखेच्या जोडापेक्षा भाजलेल्या घड्याशी तिचे नाते जवळचे आहे.

मात्र बौद्धांचा सर्वात कठीण प्रश्न याने सुटत नाही. सातव्या शतकात धर्मकीर्तीने विचारले: अवयवी एक असेल तर एक भाग हलताना दुसरा स्थिर कसा? एक भाग झाकला असता दुसरा दिसतो कसा? एक भाग रंगलेला आणि दुसरा न रंगलेला, हे एकाच वस्तूत कसे बसते? विरोधी धर्म एकाच आश्रयात राहू शकत नाहीत. थरांचे पाते तर या आक्षेपासाठीच घडवल्यासारखे आहे. साध्या कर्बी पोलादाचा गाभा आणि बाजूंना गंज न चढणारे पोलाद असेल, तर कांदा-लिंबू कापल्यावर धार काळवंडते आणि अंगे चकाकत राहतात. त्याहून मोठी अडचण कडकपणाची. सगळे पाते एकाच भट्टीत तापवले, एकाच वेळी विझवले, तरी गाभा कडक होतो आणि बाजू मऊ राहतात. मग पाते कडक म्हणावे की मऊ?

रंगाबाबत नैयायिकांनी चित्ररूपाचा मार्ग काढला. निरनिराळ्या रंगांच्या धाग्यांनी विणलेल्या वस्त्राचा रंग चित्र हा स्वतंत्र प्रकार मानला, म्हणजे सगळे वस्त्र एकाच रंगाने व्यापलेले राहते. हा उपाय ओढूनताणून आणलेला आहे. कडकपणाला तो लावायचा झाला तर पात्याचा चित्रकडकपणा मानावा लागेल, आणि तसा कडकपणा कोणत्याही मापनयंत्राच्या टोकाला भेटत नाही. गाभ्यावर टोक टेकले तर एक आकडा येतो, अंगावर टेकले तर दुसरा.

सोळाव्या शतकात नवद्वीपच्या रघुनाथ शिरोमणीने चित्ररूप नाकारले. रंग द्रव्याच्या एका भागापुरताही राहू शकतो, हे त्याने मान्य केले. संयोगाबाबत तर हे आधीपासून मान्यच होते: झाडावर बसलेल्या माकडाचा संयोग फांदीच्या ठिकाणी असतो, मुळाच्या ठिकाणी नसतो, तरी झाड एकच. कडकपणाचा दुवा इथेच जुळतो. तर्कसंग्रहाच्या दीपिका टीकेत अन्नंभट्टाने कडकपणा आणि मऊपणा यांना स्वतंत्र गुण मानलेच नाही. अवयवांच्या विशिष्ट संयोगातच त्यांचा अंतर्भाव केला. आजचे धातुशास्त्र जवळपास हेच सांगते. गाभा आणि बाजू दोन्हींत मुख्यतः लोहच असते, पण गाभ्यात विझवताना अडकून पडलेला कर्ब लोहाच्या जाळीला ताणतो आणि मार्टेन्साइट ही वेगळी मांडणी तयार होते. कडकपणा त्या मांडणीचा. मांडणी एका जागी एक आणि दुसऱ्या जागी दुसरी असणे यात विरोध नाही, आणि धर्मकीर्तीच्या आक्षेपाची धार कडकपणापुरती तरी इथे बोथट होते.

अवयवीच्या बाजूने आणखी एक पुरावा पात्यातच मिळतो. एका अंगाला कडक आणि दुसऱ्याला मऊ अशा दोन थरांचे पाते विझवताना वाकते, कारण मार्टेन्साइट होताना कडक थर किंचित फुगतो आणि मऊ थर तसा फुगत नाही. कारागिराला ते ठोकून सरळ करावे लागते. दोन्ही थर सुटे विझवले असते तर हा बाक कोणत्याच थरात आला नसता. बौद्ध म्हणेल, हा दोघांच्या परस्परसंबंधाचा परिणाम आहे, तिसऱ्या द्रव्याचा नव्हे. ते उत्तर हलके नाही. पात्याचे वजन थरांच्या वजनाच्या बेरजेइतकेच भरते, ही नैयायिकांची जुनी अडचणही त्याच्या बाजूला उभी आहे. तरी बाक आला तो पात्याला, आणि सरळ करावे लागले तेही पात्यालाच. संबंध इतका घट्ट असेल की त्याचा परिणाम कोणत्याही एका भागाच्या नावावर लिहिता येत नाही, तर त्या संबंधाच्या आश्रयाला एक म्हणणे हा केवळ बोलण्याचा सोयीस्कर प्रकार राहत नाही.

अवयवी मानल्यावर त्याच्या नाशाचा हिशेबही द्यावा लागतो, आणि वैशेषिकांनी तो कठोरपणे दिला. वस्त्रातून एक धागा निघाला की जुने वस्त्र नष्ट होते आणि खंडपट हे नवे वस्त्र उत्पन्न होते. या न्यायाने सहाणेवर फिरवलेल्या प्रत्येक हातासरशी जुना चाकू जातो आणि नवा येतो. तोच चाकू ही ओळख त्यांच्या मते सारखेपणावर उभी असते. क्षणभंगवादी बौद्धाला हे ऐकून आनंदच वाटेल. सानमाई पात्यात गाभा पाठीपर्यंत गेलेला असल्याने कितीही झिजले तरी धारेला कडक पोलाद मिळत राहते. काही स्वस्त पात्यांत मात्र कडक पोलाद खालच्या भागातच घातलेले असते. वर्षानुवर्षे धार लावून ते संपले की उरतो तो मऊ पत्रा. वैशेषिकाच्या हिशेबी तोही अवयवीच, फक्त त्याला धार धरत नाही.