पडक्या भिंतींचे देणे

मोडकी खुर्ची कोणी पाहुण्यापुढे ठेवत नाही. गळके छप्पर पावसाळ्यापूर्वी शाकारून घेतले जाते. तडा गेलेला रांजण परसात उलटा पडून राहतो. घरातली मोडतोड आपल्याला सहन होत नाही. तीच आपण माणसे सुट्टीचा दिवस साधून, शिदोरी बांधून, मुलाबाळांसह छप्पर उडालेल्या देवालयांकडे, हात तुटलेल्या मूर्तींकडे, झाडांनी वेढलेल्या तटांकडे ओढल्यासारखी जातो. या ओढीचे मूळ कशात आहे, आणि ही ओढ सर्वस्वी निर्दोष आहे काय, हा प्रश्न अनेक वर्षे आमच्या मनात घोळत आहे.

आम्हा वसईकरांना अवशेष पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. आपल्या तालुक्यातील सोपाऱ्यात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी बौद्ध स्तूपाचे उत्खनन केले. गावकरी त्या टेकाडाला 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडाही त्याच सुमारास तेथे हाती आला. म्हणजे दोन हजारांहून अधिक वर्षे या भूमीवर माणसे धर्माचा विचार दगडात कोरून ठेवीत आली आहेत. आणि खाडीच्या मुखाशी आपला किल्ला आहेच. संत जोसेफ यांच्या देवालयाचा मनोरा, फ्रान्सिस्कन देवालयाच्या जमिनीत बसविलेल्या थडग्यांच्या शिळा, आकाशालाच छत मानून उभ्या असलेल्या कमानी, हे सारे आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणापासून पाहिले आहे.

अशा ठिकाणी मनाला जे भावते ते निव्वळ सौंदर्य नव्हे. अखंड, रंगविलेली, दिव्यांनी उजळलेली इमारत आपले सर्व काही सांगून मोकळी होते. भग्न वास्तू अर्धे सांगते आणि अर्धे आपल्यावर सोपविते. येथे वेदी असेल, येथे गायकवृंद उभा राहत असेल, या पायरीवर कोणी आई आजारी लेकरासाठी गुडघे टेकून बसली असेल, असे आपण मनाशी म्हणतो आणि नकळत त्या अज्ञात माणसांच्या प्रार्थनेत सामील होतो. दुसरे असे की, पडकी भिंत आपला अहंकार उतरविते. ज्यांनी ती बांधली त्यांनाही आपले राज्य कायम टिकेल असेच वाटत होते. राखेच्या बुधवारी धर्मगुरू आपल्या कपाळावर जी खूण करतात, तीच खूण या भिंती वर्षभर आपल्याला दाखवीत असतात.

येथवर सारे ठीक आहे. परंतु एका लहान मुलीने आम्हांला या भावनेच्या पुढे जायला भाग पाडले.

आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबांसह आम्ही एका हिवाळ्यात प्रथम वसईचा किल्ला आणि पुढच्या रविवारी बोरिवलीची मंडपेश्वर गुंफा पाहिली. बरोबर नऊ-दहा वर्षांची एक मुलगी होती. किल्ल्यात तिने विचारले, "हे देऊळ कोणी पाडलं?" आपल्या बोलीत जुनी माणसे चर्चला 'देऊळ' म्हणतात, आजीकडून तो शब्द तिच्या तोंडी आला असावा. मोठ्यांपैकी तिघा-चौघांनी एकदमच उत्तर दिले, "मराठ्यांनी. चिमाजी आप्पांनी." पुढच्या रविवारी मंडपेश्वरच्या झिजलेल्या शिल्पांपुढे तिने तोच प्रश्न पुन्हा केला. क्षणभर कोणी बोलले नाही. मग एक गृहस्थ म्हणाले, "काळानं, बाळा. फार जुनं आहे ना." मुलगी पुढे गेली. खडकाच्या भिंतीवर कोरलेल्या मोठ्या क्रूसापाशी ती थांबली आणि म्हणाली, "मग हा क्रूसपण काळानंच कोरला का?"

त्या प्रश्नाला आमच्यापैकी कोणाजवळच उत्तर नव्हते. खरे म्हणजे उत्तर होते. ते देण्याचे धैर्य नव्हते.

मंडपेश्वर ही सुमारे सहाव्या शतकातील शिवाची गुंफा. नृत्य करणाऱ्या शिवाचे शिल्प तेथे आजही आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यास, पोर्तुगीज अमदानीत, फ्रान्सिस्कन धर्मगुरू अंतोनिओ दो पोर्तो यांच्या पुढाकाराने त्या गुंफेचे ख्रिस्तमंदिर झाले. ते निष्कलंक मातेला समर्पित होते. गुंफेच्या माथ्यावर मठ आणि विद्यालय उभे राहिले. पुढे १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत साष्टी आणि वसई मराठ्यांनी जिंकली. मठ ओसाड पडला. आज वर त्याच्या छप्पर नसलेल्या भिंती उभ्या आहेत आणि खाली गुंफेत पुन्हा शिवाची पूजा होते. एकाच खडकावर दोन धर्मांचे अवशेष एकमेकांच्या खांद्यावर उभे आहेत. त्यांतले वरचे आपले आणि खालचे काळाचे, अशी वाटणी आम्ही त्या दिवशी करून टाकली होती.

आम्ही दोन्ही ठिकाणी चुकलो होतो. वसईत जेथे काळाचाही हात होता तेथे आम्ही फक्त माणसाचे नाव घेतले. मे १७३९ मध्ये किल्ला पडला हे खरे. वेढ्यात सुरुंगांनी आणि तोफांनी विध्वंस झाला हेही खरे. पण शरण आलेल्या पोर्तुगीजांना सन्मानाने बाहेर पडू दिले गेले, हेदेखील तितकेच खरे आहे. त्यानंतरची दोनशे वर्षे आणि अधिक काळ पाऊस, वडा-पिंपळाची मुळे, वस्तीचा अभाव आणि माणसांची उदासीनता यांनी आपापले काम केले. इंग्रजी अमदानीत तर त्या तटाच्या आत साखरेचा कारखानाही निघाला होता. उलट मंडपेश्वरला जेथे माणसाचा हात स्पष्ट दिसत होता तेथे आम्ही काळाचे नाव पुढे केले. स्वतःची जखम सांगताना आपल्याला शत्रूचे नाव आठवते. दुसऱ्याची जखम पाहताना मात्र आपण इतिहासाच्या अपरिहार्यतेबद्दल बोलू लागतो. अवशेषांच्या ओढीत जो दोष शिरतो तो हाच, असे आम्हांला वाटते.

यावर आपल्यापैकी कोणी म्हणेल, "पोर्तुगीजांनी केले त्याचा जाब आम्ही का द्यावा? आम्ही राज्यकर्ते नव्हतो. आमचे पूर्वज तर याच मातीतले शेतकरी, कोळी, सुतार." आक्षेप रास्त आहे. व्यक्तिशः अपराध हा ज्याचा त्याचा असतो. बापाचे पाप लेकाच्या माथी मारता येत नाही. परंतु वारसा ही वेगळी गोष्ट आहे. आपल्या वाड्या वडिलोपार्जित आहेत. सातबाऱ्यावर नाव लावून घेताना त्यावरचा बोजा मात्र माझा नव्हे, असे तलाठ्याला सांगता येईल काय? वसईत १५५७ च्या सुमारास जन्मलेले, १५९७ साली नागासाकी येथे रक्तसाक्षी झालेले आणि १८६२ साली संतपद पावलेले गोन्सालो गार्सिया आपले, असे आपण अभिमानाने म्हणतो. किल्ल्यातील कमानी आपल्या म्हणतो. मग त्याच दप्तरातील बोजाचे पानही आपलेच ठरते. अभिमान घ्यायचा आणि देणे नाकारायचे, हा व्यवहार प्रामाणिक नव्हे.

शिवाय 'आपण' आणि 'ते' ही विभागणी वाटते तितकी सोपी नाही. घारापुरीचेच पाहा. तेथील शिल्पांच्या मोडतोडीचा दोष जुन्या काळापासून पोर्तुगीज शिपायांकडे दिला जातो. तेथील एक शिलालेख वाचून घेण्यासाठी पोर्तुगालला पाठविला गेला आणि तो कायमचा हरवला. पण त्याच राष्ट्राचे जुआंव द कास्त्रो यांनी १५३८ च्या सुमारास ती लेणी पाहून त्यांच्या कारागिरीचे मुक्तकंठाने वर्णन केले होते. एकाच ध्वजाखाली विध्वंस करणारा हात होता आणि विस्मयाने थबकणारा डोळाही होता. आणि आपले पूर्वज? सोळाव्या शतकात ज्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांचे आजे-पणजे याच परिसरातील देवळांत दिवे लावीत असतील. मंडपेश्वरच्या त्या गुंफेत बेल वाहणारे हात आणि पुढे तेथेच जपमाळ ओढणारे हात एकाच कुळातले असू शकतात. गोव्यात त्याच शतकात कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा भक्तांनी नदीपार अंत्रुज महालात नेली. काहींनी देवाबरोबर गाव सोडले, काही मागे राहून ख्रिस्ती झाले. भाऊ भावापासून तुटला. भग्न देवळाची खरी जखम दगडात नसते, ती येथे असते.

या जखमेशी कसे वागावे? दोन मोह समोर येतात. पहिला मोह विस्मरणाचा: संध्याकाळच्या उन्हात कमानीचे छायाचित्र घ्यावे, डबा खावा आणि परतावे. दुसरा मोह सूडाचा. तो अधिक भयंकर आहे. ६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येत बाबरी मशीद पाडण्यात आली, आणि त्यानंतर डिसेंबर-जानेवारीत मुंबईत जी माणसे मेली त्यांतल्या कोणीही शतकांपूर्वी काहीही पाडले नव्हते. अवशेषाला साक्षीदार मानण्याऐवजी फिर्यादी मानले की नवे अवशेष तयार होतात. जुन्या हिशेबाची वसुली जिवंत माणसांकडून केली जाते.

प्रभू येशूने तिसरी वाट दाखविली आहे. यरुशलेमच्या मंदिराचे भव्य दगड पाहून शिष्य भारावले, तेव्हा यातला दगडावर दगड राहणार नाही हे प्रभूने त्यांना सांगितले. इ. स. ७० मध्ये रोमनांनी ते मंदिर उद्ध्वस्त केले. परंतु त्या नगराकडे पाहून प्रभू आधीच रडला होता. त्याने शाप दिला नाही की सूडाची भाषा केली नाही, तो रडला. आणि विहिरीकाठी शोमरोनी स्त्रीने खरे देवस्थान कोणत्या डोंगरावर, असा वाद काढला तेव्हा त्याने उपासनेचा प्रश्न डोंगरावरून उचलून माणसाच्या अंतःकरणात आणि सत्यात नेऊन ठेवला. ज्याचा देव एका इमारतीत मावत नाही, त्याला दुसऱ्याची इमारत पाडण्याचे कारण उरत नाही.

ख्रिस्तसभेनेही ही वाट उशिरा का होईना स्पष्ट शब्दांत स्वीकारली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही, अशी घोषणा केली. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोममध्ये ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या अपराधांबद्दल देवाकडे क्षमा मागितली. इतर लोकांच्या संस्कृतींचा आणि धर्मांचा जो अवमान झाला त्याचाही त्यात उल्लेख होता. वृद्ध, थकलेल्या पोपमहोदयांना हे जमले; आम्हांला एका लहान मुलीसमोर जमले नाही.

क्षमेची वाट एकतर्फी नसते, याची खूणही आपल्याच मुलखात आहे. वसईच्या विजयानंतर आपल्या देवालयांच्या घंटा मराठे सरदारांनी नेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील प्रसिद्ध घंटा वसईचीच. वाईजवळच्या मेणवलीत जी घंटा आहे तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या पवित्र मातेची आकृती आहे. त्या घंटा विजयचिन्हे म्हणून गेल्या, हे विसरायचे कारण नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या शिवभक्त ती घंटा वाजवीत आले, आणि तिच्यावरची माता कोणी घासून काढली नाही. ती घंटा परत मिळावी असे आमच्या मनात एके काळी येत असे. आता वाटते, ती तेथे प्रार्थनेच्याच कामी आहे. तिला तेथेच वाजू द्यावे.

तर मग अशा ठिकाणी जाऊ नये काय? अवश्य जावे, मुलांना घेऊन जावे. मात्र पाहुण्यासारखे जावे आणि देणेकऱ्यासारखेही. जेथे पूजा चालते तेथे पादत्राणे काढावीत. भिंतीवर आपले नाव कोरू नये, कागद-बाटल्या टाकू नयेत. किल्ल्यातील थडग्यांवर बसून खाऊ नये. खाली कोणाचा तरी देह मातीस मिळाला आहे. आणि मुलांनी विचारले तर दोन्ही कहाण्या सांगाव्यात. आपण सोसलेले जितक्या स्पष्टपणे सांगतो, तितक्याच स्पष्टपणे आपल्या नावावर झालेलेही सांगावे.

त्या मुलीला आम्ही त्या दिवशी उत्तर दिले नाही. घरी परतताना गाडीत ती खिडकीशी झोपून गेली आणि आम्हांला सुटल्यासारखे वाटले, हे येथे कबूल केले पाहिजे. आता ती मोठी झाली आहे. पुन्हा मंडपेश्वरला जाण्याचा बेत ठरत आहे. या वेळी त्या क्रूसापाशी थांबून आम्ही तिला सांगणार आहोत: हा काळाने कोरला नाही, बाळ. आपल्या धर्माच्या माणसांनी कोरला, आणि त्या जागी आधी दुसऱ्यांची श्रद्धा कोरलेली होती. ते दुसरेही आपलेच होते. इतके बोलून आम्ही खाली मान घालून थोडा वेळ उभे राहू. खाली गुंफेत कोणी घंटा वाजविली तर ती ऐकू.