दान कुणाची भूक भागवतं?



आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक २० ते २२.

या तीन श्लोकांत भगवंत दानाचे तीन प्रकार सांगतात. परतफेडीची अपेक्षा न ठेवता, द्यायलाच हवं म्हणून, देश, काळ आणि पात्र बघून दिलेलं ते सात्त्विक. काहीतरी मिळावं म्हणून किंवा कुरकुरत दिलेलं ते राजस. देश-काळ-पात्र न बघता किंवा समोरच्याचा अवमान करून दिलेलं ते तामस.

आपल्याला वाटतं, हे पैशांबद्दल आहे. पण वेळ आणि माया हेही दानच की!

माझ्या एका मित्राला दिवाळीच्या सुट्टीत नेपाळला जायचंय. पशुपतिनाथाचं दर्शन घ्यायचं आणि मग दहा दिवस काठमांडूच्या एका अनाथाश्रमात मुलांची सेवा. "तू पण चल," म्हणाला. मन लगेच तयार झालं. मग जरा वाचायला बसलो.

नेपाळमध्ये १९९६ ते २००६ माओवादी संघर्ष चालू होता. त्या काळात दलाल हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यांत जायचे. मुलाला लढाईपासून वाचवतो, शहरात शिकवतो, असं सांगून आई-बापांकडून पैसे घ्यायचे आणि मुलं घेऊन जायचे. त्यातली कितीतरी मुलं पुढे 'अनाथ' म्हणून ओळखली गेली. कॉनर ग्रेनन हा अमेरिकन तरुण २००४ मध्ये काठमांडूजवळच्या अशाच एका बालगृहात स्वयंसेवक म्हणून गेला. तिथल्या मुलांचे आई-वडील जिवंत आहेत हे कळल्यावर तो पुढे हुमलाच्या डोंगरांत पायी फिरून त्यांची घरं शोधू लागला.

सगळ्या संस्था अशा नसतात, हे आधीच सांगतो. पण नेपाळमधली बहुतेक बालगृहं काठमांडू खोरं, पोखरा, चितवन अशा पर्यटकांच्या भागांत एकवटली आहेत. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही एक गोष्ट रोज बघतो: सिस्टिम ज्याला बक्षीस देते, तेच वाढतं. पाहुणे 'अनाथ' मुलं बघायला पैसे देत असतील, तर 'अनाथ' मुलं वाढणार. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही डिसेंबर २०१९ च्या बालहक्कांवरच्या ठरावात अनाथाश्रम-पर्यटनाच्या धोक्याची दखल घेतली.

आता कुणी म्हणेल, "अरे, देव भावाचा भुकेला. आपला भाव शुद्ध आहे ना, झालं तर!" हा प्रश्न मला खरंच अवघड वाटतो, कारण मित्राचा भाव शुद्धच आहे. पण भगवंतांनी सात्त्विक दानात नुसता भाव सांगितला नाही, देश-काळ-पात्रही सांगितलं. म्हणजे डोळे उघडे ठेवणं हाही भक्तीचाच भाग आहे.

काळाचंच बघा. दहा दिवस आपण दादा-ताई होतो. मूल गळ्यात पडतं, आपल्याला भरून येतं. अकराव्या दिवशी आपलं विमान असतं आणि त्या मुलाला आणखी एक निरोप. पुढच्या आठवड्यात नवा दादा. मुलाला रोज तोच चेहरा हवा असतो. अनोळखी माणसाला लगेच बिलगणारं मूल म्हणजे प्रेमाने भरलेलं मूल, असं नेहमीच नसतं. कधी कधी ती भूक असते.

आणि पात्र? तो शब्द आपण नेहमी घेणाऱ्याला लावतो. मला वाटतं, इथे तो देणाऱ्यालाही लावून बघावा. लहान मुलांजवळ राहण्याचं काही प्रशिक्षण माझ्याकडे आहे का? माझी चौकशी न करता कुणी मला मुलांमध्ये सोडत असेल, तर उद्या तिथे दुसरं कोण येईल? आणि फोटो मिळणार नसेल, कुणाला कळणार नसेल, तरी मी जाईन का?

"मग त्या मुलांचं कोण?" असं मित्राने विचारलं. बरोबर आहे, मुलं तर आज तिथे आहेत. त्यांना तिथलीच, कायम राहणारी माणसं हवीत आणि शक्य असेल तिथे स्वतःचं घर. आपला विमानाचा खर्च मुलांना कुटुंबात परत नेणाऱ्या कामाला देता येतो. गरिबीमुळे मूल दूर पाठवावं लागू नये म्हणून एखाद्या आईच्या पाठीशी उभं राहता येतं. त्यात कुणी गळ्यात पडणार नाही. म्हणूनच ते सात्त्विकाच्या जास्त जवळ आहे, असं मला वाटतं.

पशुपतिनाथाला आम्ही जाणार आहोत. आश्रमाचे दहा दिवस मात्र यादीतून काढलेत. मित्र अजून थोडा नाराज आहे.

आजचा संकल्प: आज काही देण्याआधी एकदाच विचारूया, यात भूक कुणाची भागतेय?

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥