शेपटीवरचा हिशेब

खोटं रंगवू नये, हे तत्त्व सोपं आहे. पण खरं तरी किती रंगवावं? हा प्रश्न थोर तत्त्वज्ञांना पडला असेल-नसेल. मला तो प्लास्टिकच्या विमानाच्या खोक्यात सापडला.

दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या छोट्या प्रतिकृती जुळवून रंगवायच्या, हा माझा छंद. हिच्या मते चाळिशी उलटल्यावर मी खेळण्यांशी खेळतो. मी त्याला संशोधन म्हणतो. दोहोंत फरक एवढाच, की संशोधनात जेवण गार होतं.

सध्या टेबलावर मेसरश्मिट 109 आहे. हान्स-योआखिम मार्सेय या जर्मन वैमानिकाचं हे विमान. 1942 साली उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटावर उडणारं, 'पिवळा चौदा' या नावानं प्रसिद्ध. 27 क्रमांकाच्या लढाऊ दलातल्या तिसऱ्या स्क्वाड्रनचा रंग पिवळा, म्हणून आकडाही पिवळा. आपल्याकडे खात्यांना नंबर असतात, तसे जर्मन हवाई मंत्रालयानं रंगांना नंबर दिले होते. वरच्या अंगाला 79 नंबर, म्हणजे वाळूचा पिवळा. पोटाला 78, म्हणजे फिकट निळा. वरून बघणाऱ्याला वाळवंट दिसावं आणि खालून बघणाऱ्याला आकाश.

त्यातही 79 नंबरच्या दोन छटा. एक जरा पिवळसर, दुसरी तपकिरीकडे झुकलेली. फोटो बहुतेक कृष्णधवल, आणि त्या काळच्या काही फिल्मवर पिवळा काळपट येई, निळा पांढुरका. बँकेत सह्या ताडून डोळे तयार झालेत म्हणून बरं. तरी एका छटेनं माझे तीन रविवार खाल्ले.

गंमत बघा. लपण्यासाठी इतका खटाटोप केलेल्या त्याच विमानाच्या अंगाभोवती पांढरा पट्टा, पंखांची टोकं पांढरी आणि कुशीवर ठळक पिवळा चौदा! निम्मा रंग दिसू नये म्हणून, निम्मा दिसावा म्हणून. हसू नका. इन्कमटॅक्सच्या फॉर्मवर आपणही वाळूच्या रंगाचे असतो आणि लग्नाच्या मांडवात पिवळे चौदा!

इथपर्यंत सगळं मजेत चालतं. मग विमानाची शेपटी येते.

मार्सेयनं पाडलेल्या विमानांचा हिशेब तिथे, सुकाणूवर, रेघांनी मांडलेला असे. एकूण 158. त्यातली 7 इंग्लिश खाडीवरची, 1940 मधली; बाकी 151 आफ्रिकेतली. 1 सप्टेंबर 1942 या एका दिवसात त्याच्या नावावर 17 विमानं लागली. 158 रेघांचं एक सुकाणू बर्लिनजवळ गाटोच्या संग्रहालयात आहे.

आता मी पडलो बी.कॉम. पहिल्याच वर्षी सरांनी डोक्यात बसवलं होतं, की जमेच्या प्रत्येक नोंदीला कुठेतरी नावेची नोंद असतेच. या शेपटीवर सगळं जमाच जमा! नावे कुणाच्या? रेघ विमानाची, माणसाची नव्हे. कुणी पॅराशूटनं उतरून तळावर परतला, कुणी वाळूतच राहिला. रेघेची लांबी तेवढीच. ती दुसरी बाजू शत्रूच्या दप्तरात असते. ब्रिटिश, दक्षिण आफ्रिकी, ऑस्ट्रेलियन तुकड्यांच्या नोंदी शेजारी ठेवून अभ्यासकांनी हे ताडून पाहिलं आहे. काही नोंदी जुळत नाहीत. जिथे जुळतात तिथे रेघेमागून एक नाव बाहेर येतं, हुद्दा येतो, वय येतं. मग छटा तपासणारा ब्रश जरा अडखळतो.

त्याच शेपटीवर आणखी एक गोष्ट होती, ती खोक्यात नव्हती. नाझी चिन्हं मिरवण्यावर जर्मन कायद्यानं निर्बंध आहेत, म्हणून बऱ्याच कंपन्या ते चिन्ह देतच नाहीत. शेपटी कोरी! मी ते हातानं काढायला घेतलं तर कन्या म्हणाली, "बाबा, आपला स्वस्तिक पडलाय का?" कारण तो कोपऱ्यावर उभा, कललेला. लक्ष्मीपूजनाला आपण नव्या वहीवर हिशेबाआधी स्वस्तिक काढतो. तिला ओळखीचा वाटला यात नवल नाही. तिला काय सांगायचं, या विचारात माझा रंग वाळला.

विचार केला, न काढावा. घरात कशाला ते? पण मग उरतं काय? सुंदर पिवळं विमान, देखणा तरुण आणि 158 रेघा. म्हणजे एखाद्या फलंदाजाची शतकंच की! खातेदाराचं नाव खोडलं की कुठलाही हिशेब निष्पाप दिसतो. रंगाची छटा अचूक आणि खातं कुणाचं ते गाळलेलं, याला आमच्या बँकेत अचूकपणा म्हणत नाहीत. त्याला वेगळं नाव आहे आणि त्यासाठी चौकशी बसते.

काढलं. कन्येला बसवून सांगितलंही, तिच्या वयाला झेपेल इतकं.

मार्सेय 30 सप्टेंबर 1942 रोजी गेला, वयाच्या 22 व्या वर्षी. कुणाची गोळी लागली नाही. नव्या विमानाचं इंजिन बिघडलं, कॉकपिट धुरानं भरलं, त्यानं उडी टाकली आणि स्वतःच्याच विमानाची शेपटी त्याला लागली. आपल्याच इंजिनापासून लपवणारा रंग कोणत्याच मंत्रालयाकडे नव्हता.

विमान आता कपाटात आहे. शेजारी मी एक कार्ड ठेवलंय, मधोमध रेघ मारून. डावीकडे 158. उजवीकडे आतापर्यंत सापडलेली नावं, बारीक अक्षरात. पाहुणे विमानाचं कौतुक करतात आणि विचारतात, "हे बिल कसलं?"

मी सांगायला लागतो. तोपर्यंत चहा गार होतो.