चुंबळ

पाठीवर सॅक घेऊन मी पहिला मुक्कामी ट्रेक केला तो तोरणा–राजगडाचा. वेल्ह्यातून तोरणा चढायचा, मेंगाईदेवीच्या देवळात रात्र काढायची आणि दुसऱ्या दिवशी बुधला माचीकडून उतरून डोंगरधारेने राजगडाची संजीवनी माची गाठायची. १,४०३ मीटर उंचीच्या तोरण्याला शिवरायांनी प्रचंडगड का म्हटलं, ते पहिल्याच चढाला कळलं. माझ्या पाठीवर पंधरा किलो होते. दोन जाड स्वेटर, काचेच्या बरणीतलं लोणचं, तीन टॉर्च. लागलंच तर असू दे म्हणून घेतलेलं सगळं. पाणी मात्र दोनच लिटर.

दुसऱ्या दिवशी धारेवर सावलीचं नाव नव्हतं. अकराच्या सुमारास पाणी संपलं. खांद्यांवर पट्ट्यांचे वळ उठले होते, पण मी कुणाला बोललो नाही. सगळे चालताहेत, मग आपणच कसं थांबायचं? शेवटी एका उतारावर गुडघे लटपटले आणि मी मटकन खाली बसलो.

आमच्यातला एक जाणता दादा मागे आला. आधी त्याने आपली बाटली पुढे केली. मग माझी सॅक रिकामी करून पुन्हा भरली. हलकी पथारी तळाला, डाळ-तांदूळ आणि भांडी मधोमध, पाठीला चिकटून. सॅक चढवल्यावर कमरेचा पट्टा त्याने कमरेच्या हाडांवर घट्ट आवळला. तो पट्टा मी दोन दिवस नुसता लोंबकळत ठेवला होता. एकही वस्तू कमी झाली नव्हती, तरी खांदे मोकळे झाले.

पुढे एका वस्तीजवळ एक मावशी पाण्याचे दोन हंडे डोक्यावर घेऊन चढ चढत होत्या. हंड्यांखाली जुन्या लुगड्याची चुंबळ. मान ताठ, पाऊल संथ. चुंबळीने पाण्याचा एक थेंबही हलका होत नाही. भार नीट टेकतो, एवढंच.

काही वर्षांनी वडील अंथरुणाला खिळले. जागरणं, औषधं, दवाखान्याच्या फेऱ्या, सगळं मी एकट्याने ओढत होतो आणि पुन्हा कुणाला बोलत नव्हतो. एका पहाटे तो उतार आठवला. ताईला फोन केला, “येशील का गं?” ती दुपारच्या एसटीने आली. आजार तेवढाच होता, पण त्या रात्री मी सलग चार तास झोपलो.

काही ओझी टाकून देता येत नाहीत, टाकूही नयेत. आज पाठीवर जे असेल, ते नेमकं कुठे टेकलंय, एवढं मात्र एकदा चाचपून पाहावं. आणि चुंबळ नसेल, तर जवळच्या माणसाकडे मागावी.